मे महिन्यात गावी येणारी मुलं आणि आपल्याकडून सांगायच्या राहून गेलेल्या गोष्टी

कुळागरातली

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात घरी जे झालं ते डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा काढते आहे. जरा लांबेल.

आम्ही गोव्यात फोंडा तालुक्यात, सावईवेऱ्याच्या बाजूला राहतो. घराला लागून कुळागर, म्हणजे माड-पोफळीची बाग, मागे चढावर काजूची झाडं. दर उन्हाळ्यात माझ्या धाकट्या नणंदेची दोन मुलं पुण्याहून येतात. भाचा आठ वर्षांचा, भाची पाच. माझी लेक सातची. तिघांची गट्टी अशी की महिनाभर घरात चपला कुणाच्या कुणाच्या पायात असतात.

एप्रिल संपत आला की काजूचा हंगामही संपत येतो. खाली पडलेले शेवटचे बोंडू, म्हणजे काजूची फळं, वेचायला मुलं सकाळी सातलाच मागे गेली होती. माझ्या लेकीला सवय आहे. बोंडू उचलायचा, बी पिरगाळून एका बादलीत, बोंडू दुसऱ्या बादलीत. भाच्याला एवढंच ठाऊक होतं की बीच्या आत काजूगर असतो. पुण्यात काजू डब्यातून बाहेर येतो, पांढरा, सोललेला. त्यानं ओली बी दाढेखाली धरली आणि चावली.

काजूच्या टरफलाच्या दोन थरांमध्ये तेलकट चीक असतो. बिब्ब्याच्या जातीचाच तो, कातडी भाजून काढतो. तो त्याच्या खालच्या ओठाला, जिभेच्या टोकाला आणि अंगठ्याला लागला. पोर रडत आलं नाही. कुळागरातल्या पाटात त्यानं तोंड धुतलं आणि गोठ्यामागे जाऊन बसून राहिला. अर्ध्या तासानं माझी लेक आली, "आई, दादा तोंड दाखवत नाही."

मी गेले तर ओठ सुजून बाहेर आलेला, कोपऱ्याला तपकिरी डाग, आणि पोरगा हाताच्या ओंजळीत तोंड लपवून बसलेला. साबणानं हलक्या हातानं धुतलं. सासूबाईंनी खोबरेल लावलं. मग आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टरांनी पुन्हा नीट धुऊन घेतलं, मलम दिलं, खाजेचं औषध दिलं आणि फोड आले तर फोडायचे नाहीत म्हणून बजावलं. दुसऱ्या दिवशी फोड आलेच. मग कातडी काळपट होऊन सोलवटली. चार दिवस पोर पेज आणि ताक चमच्यानं घेत होतं. लोणच्याचा वास आला तरी तोंड फिरवायचं.

रात्री नणंदेचा फोन आला. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "वहिनी, तुला तर माहीत होतं ना? मग सांगितलं का नाहीस?"

मला उत्तर देता आलं नाही. कारण माहीत होतंच. मला हे कुणी, कधी सांगितलं तेही आठवत नाही, इतकं ते अंगात मुरलं आहे. आपण इथे वाढलेली माणसं ओली बी तोंडाला लावत नाही, आंब्याचा देठ मोडला की चीक गळू देतो, ओल्या चिऱ्यावर पाय जपून टाकतो. विचार करून करत नाही, म्हणूनच ते दुसऱ्याला सांगायचं असतं हेच लक्षात येत नाही.

तर माझी विनंती. बाहेरून येणाऱ्या मुलांना पहिल्याच दिवशी काय काय सांगायला हवं? तुमच्याकडे काय झालं, कसं निभावलं, सगळं लिहा. मुलांना घरात कोंडून ठेवायचं नाही हे मात्र माझं ठाम मत आहे. मग ती इथे येतातच कशाला?

पेडण्याची लेक

ताई, वाचून पोटात कालवलं. बाळाचा ओठ आता कसा आहे?

आमच्याकडे समुद्र. माझी चुलत नणंद सोलापूरची, तिची मुलं तीन वर्षांपूर्वी आली होती. मुलगी नऊ वर्षांची, पोहायला शिकलेली, तरणतलावात पदकं मिळवलेली. सगळ्यांना वाटलं हिची काळजी नाही. आश्व्याच्या किनाऱ्यावर ती गुडघाभर पाण्यात उभी होती. लाट परत जाताना पायाखालची वाळू घेऊन गेली, पोर बसली आणि पुढच्या ओढीनं सरकत गेली. तिचे वडील दहा पावलांवर होते. जीवरक्षकानं शिट्टी मारली आणि तोच आधी पोचला. मुलीला काही झालं नाही, पण तिच्या बापाचे हात संध्याकाळपर्यंत थरथरत होते, चहाचा कप धरवत नव्हता.

तेव्हापासून आमच्याकडे पाहुण्यांची मुलं आली की किनाऱ्यावर पोचल्यावर कपडे बदलायच्या आधी झेंडे दाखवतो. लाल-पिवळे दोन झेंडे असतात, त्यांच्या मधेच पाण्यात जायचं. नुसता लाल झेंडा असला की पाण्यात जायचंच नाही, कितीही शांत दिसो. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून 'दृष्टी' या कंपनीचे जीवरक्षक आहेत. मी मुलांना आधी त्यांच्यापाशीच नेते. म्हणते, हरवलात तर या कपड्यातल्या काकांकडे जायचं. सूर्य मावळतीला लागला की आम्ही बाहेर. अंधारात पाणी नाही.

आणखी एक. मोठ्या मुलांना सांगा की ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे सरळ पोहत झुंजायचं नाही, दमून जाल. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहायचं, ओढ अरुंद असते, ती सुटली की मग आत यायचं. आणि हात वर करायचा. मेच्या अखेरीला समुद्र फुगायला लागतो, तेव्हा आम्ही मुलांना फक्त वाळूवर खेळवतो. १ जूनपासून तर मासेमारीची बंदीच सुरू होते. होड्या वर ओढलेल्या दिसल्या की मुलांनाही आपोआप कळतं.

पुणे_गोवा_पुणे

आमचा अनुभव साधा आहे, पण दर वर्षीचा. आंबोली घाटात धाकटा ओकायचाच. आता आजऱ्याला थांबतो, इडली किंवा नुसती बिस्किटं, दूध अजिबात नाही. घाट सुरू व्हायच्या आधी मोबाइल आणि चित्रांची पुस्तकं काढून घेतो, खिडकी उघडतो, समोर लांब बघायला सांगतो. आल्याची वडी तोंडात. गेल्या दोन खेपा सावंतवाडीपर्यंत स्वच्छ आलो. घाईत घाट उतरवू नका, एवढंच.

आरोग्यसेविका_काणकोण

कुळागरातली ताई, तुम्ही केलंत ते बरोबर केलंत, पण हा क्रम का महत्त्वाचा ते सांगते, कारण उलटं झालेलं दर हंगामात पाहते. काजूच्या चिकाला आधी साबण आणि भरपूर पाणी. बराच वेळ धुवायचं, नखांच्या खाली सुद्धा. खोबरेल नंतर. आधी तेल लावलं तर चीक त्यात मिसळून आणखी पसरतो. उलट, बी हाताळायच्या आधी हातांना तेल लावून घेतलं तर तेच तेल संरक्षण करतं. टरफलं फोडणाऱ्या बायका हाताला तेल चोळतात ते यासाठीच. आणि चिकाचा हात डोळ्याला लागता कामा नये. मुलं डोळे चोळतात, म्हणून आधी हात धुवा, मग तोंड बघा.

घरी बिया भाजताना मुलांना वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभं करू नका. तेल तडतडून उडतं, पेट घेतं आणि तो धूरही अंगावर उठतो. आंब्याच्या देठाचा चीक पण याच घराण्यातला. ओठांच्या कडेला पुरळ आलं की बहुतेक वेळा देठाजवळ तोंड लावून चोखलेला आंबा असतो. आंबा तासभर पाण्यात ठेवून, देठाकडचा भाग कापून द्यावा.

आता बाकीचं पटापट सांगते.

जेलीफिश लागली तर समुद्राच्याच पाण्यानं धुवायचं. गोडं पाणी नको, वाळूनं चोळणं तर मुळीच नको. चिकटलेले तंतू हातानं काढायचे नाहीत, कार्डाच्या कडेनं किंवा चिमट्यानं काढा. मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग ठेवा. दम लागला, चेहरा सुजला तर वाट न पाहता १०८.

जुलाब झाले तर मीठ-साखरेचं पाणी. ओआरएसच्या पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल तर ते पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायचं. अर्धं पाकीट पेल्यात टाकून देणाऱ्या आया मी रोज पाहते. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. ओकारी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्यानं. बाटलीबंद गोड सरबत हे त्याला पर्याय नाही.

घाटातल्या ओकारीची गोळी डॉक्टरांना मुलाचं वजन सांगूनच घ्यावी. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला ती अजिबात देऊ नका, मागे बसलेल्या काकूंनी कितीही आग्रह केला तरी.

नाकात चिंचोका, शिंपला, मणी गेला तर बोट घालून काढू नका, आत सरकतो. दवाखान्यात आणा. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, दर सुट्टीत दोन-तीन मुलं येतातच.

कुळागरातली

ताई, मनापासून आभार. तेल आधी की साबण आधी हे माझ्या सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी राख लावायचे." आता त्यांनीच न्हाणीघराच्या दारात साबणाची वडी जाळीत टांगली आहे.

जुना_मास्तर

मी डिचोली तालुक्यातला. पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. धागा चांगला आहे, पण माझं थोडं वेगळं म्हणणं आहे, ते स्पष्ट लिहितो. काही गोष्टी सांगून भागत नाही. तिथे मूल जाताच कामा नये.

आमच्या भागात खाणींचे खंदक आहेत. २०१८ च्या मार्चपासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं खाणी थांबल्या, नंतर काही सुरू झाल्या, पण पाण्यानं भरलेले खंदक ठिकठिकाणी राहिले. लांबून पाणी हिरवंनिळं, सुंदर दिसतं. पाहुणी मुलं म्हणतात, मास्तर, तळं आहे! ते तळं नव्हे. तळ्याला उतार असतो, पाय हळूहळू खोल जातो. खंदकाला काठ म्हणजे सरळ कडा, आणि कडेची माती सैल. पाऊल घसरलं की खाली पाय टेकायला जागा नाही आणि वर चढायला धरायला काही नाही. पट्टीचा पोहणारा सुद्धा तिथे दमतो.

माझ्या वर्गातली मुलं मी तिथे नेऊन लांबूनच दाखवत असे. दगड टाकायला लावायचो. दगड पाण्यात गेला की बुडबुडे किती वेळ येतात ते मोजायचो. मुलं गप्प व्हायची. त्यानंतर त्यातला एकही तिकडे फिरकला नाही. पण पाहुणी मुलं असतील तर मी मोठ्या माणसाशिवाय त्या वाटेलाच जाऊ देत नाही. ह्यात समजावणी नाही, नियम आहे. विहिरीचंही तेच. कठडा नसलेल्या विहिरीवर मुलं येण्याच्या आधी फळ्या नाहीतर जाळी टाकून घ्यावी. ते काम मुलांचं नाही, आपलं आहे.

डोंबिवलीची मावशी

मास्तर, तुमचं दगड टाकायचं ऐकून अंगावर काटा आला.

मी पाहुण्यांच्या बाजूनं लिहिते. माहेर म्हापशाजवळ, दर मे महिन्यात ठाण्याहून मांडवी एक्सप्रेसनं थिवीला उतरतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही पाच जण आणि नगांची संख्या अकरा. आंब्याची रिकामी पेटी सुद्धा होती, जाताना मानकुराद भरून न्यायची म्हणून. गाडी थिवीला थोडाच वेळ थांबते. आम्ही दोघं सामान उतरवत सुटलो. अकरा नग मोजले, बरोबर भरले. गाडी हलली आणि माझ्या लक्षात आलं की सहा वर्षांचा मुलगा फलाटावर नाही. वरच्या बाकावर झोपला होता तो.

पुढचा अर्धा तास मला नीट आठवत नाही. नवरा स्टेशन मास्तरांच्या खोलीत धावला. त्यांनी करमळीला फोन केला, डबा आणि बाक क्रमांक सांगितला. आमच्या समोरच्या बाकावर एक आजी-आजोबा मडगावला जाणारे होते. आजींनी त्याला उठवून मांडीवर घेतलं होतं आणि खिडकीतून मांडवीचं पाणी दाखवत होत्या. करमळीला रेल्वेच्या माणसानं त्याला उतरवून घेतलं. आम्ही टॅक्सीनं पोचलो तेव्हा तो बाकड्यावर बसून केळं खात होता. मला बघून म्हणाला, "आई, तू कुठे राहिलीस?"

आता आमची पद्धत ठरलेली आहे. थिवीच्या आधी पेडणे येतं. तिथे मुलं जागी करून बूट घालून दाराशी. आधी एक मोठं माणूस उतरणार, मग मुलं, मग सामान, आणि शेवटचं मोठं माणूस बाक हातानं चाचपून उतरणार. सामान राहिलं तर राहू दे. मुलाच्या खिशात नवऱ्याचा नंबर, आणि प्रवासाच्या सकाळी त्या दिवशीच्या कपड्यातला फोटो. रेल्वेचा १३९ मुलांकडून पाठ करून घेतला आहे.

बेटावरचा

मावशी, पोर सुखरूप मिळालं हे वाचून बरं वाटलं.

दिवाडीहून लिहितोय. आमच्याकडच्या दोन गोष्टी. पहिली फेरीबोट. मुलांना फेरीचं फार आकर्षण, चालत जाणाऱ्याला तिकीटही नाही, दिवसभर ये-जा करायला तयार असतात. पण धक्क्याच्या उताराचा जो भाग भरतीला पाण्याखाली जातो तिथे शेवाळ असतं. ओहोटीला ते उघडं पडतं आणि कोरडं दिसतं. पाय पडला की थेट पाण्यात. फेरी टेकून फळी खाली येईपर्यंत मुलांचा हात सोडू नये.

दुसरी गोष्ट मानस, म्हणजे पाण्याचं दार. खाजन शेतांच्या, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेल्या शेतांच्या, बांधाला अशी दारं असतात, भरतीला मिटतात, ओहोटीला उघडतात. मुलांना बांधावर बसून तिथले मासे बघायला आवडतं. मलाही आवडायचं. पण ओहोटीला सगळ्या शेताचं पाणी त्या एका तोंडातून बाहेर पडतं आणि दाराजवळ भोवरा धरतो. वरून पाणी संथ असतं, म्हणून मोठ्यांनाही कळत नाही. आम्ही लहान असताना आजोबा एक माडाची झावळी टाकायचे. ती दारापाशी उभी राहायची, गरकन फिरायची आणि आत ओढली जायची. मी माझ्या पुतण्यांना तेच करून दाखवतो. मास्तरांचा दगड आणि आजोबांची झावळी एकाच जातीची, असं वाटलं.

दोन_पोरांचा_बाबा

छोटीशी भर: बोंडल्याचं प्राणिसंग्रहालय गुरुवारी बंद असतं. आम्ही पणजीहून तीन मुलं घेऊन गुरुवारीच गेलो. दाराशी धाकटीनं जे भोकाड पसरलं ते उसगावपर्यंत थांबलं नाही. रस्त्यात एका घरी पाणी मागितलं तर त्यांनी फणसाचे गरे खायला घातले, तेव्हा शांत झाली. घरून निघण्याआधी वार बघा.

पेडण्याची लेक

कुळागरातली ताई, एक विचारू? भाच्यानं अर्धा तास लपवलं म्हणालात. मला ते भाजण्यापेक्षा जास्त लागलं. का लपवलं, बोललात का त्याच्याशी?

कुळागरातली

बोलले. तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, नाहीतर मनातच ठेवणार होते.

चौथ्या दिवशी सूज उतरली तेव्हा तो माझ्याजवळ ओसरीवर बसला होता. मी आमसुलं वाळत घालत होते. त्याला विचारलं, "तेव्हा का नाही रे आलास माझ्याकडे?" तो बराच वेळ सोलं सरळ करत राहिला. मग म्हणाला, "मामी, तू आईला सांगितलं असतंस. मग आईनं पुढच्या वर्षी पाठवलं नसतं."

मी काय बोलणार. त्या अर्ध्या तासात धुतलं असतं तर निम्मे फोड आले नसते. रात्री नणंदेला फोन करून जसंच्या तसं सांगितलं. ती पलीकडे रडली. मीही रडले. मग आमचं ठरलं, दोघींनी मिळून त्याला सांगितलं: लागलं, भाजलं, चावलं, हरवलं तर आधी मोठ्यांकडे यायचं, त्यासाठी कुणीही रागावणार नाही आणि सुट्टी कधीच रद्द होणार नाही. माझ्या लेकीलाही तेच.

मास्तर, तुमचं पटलं. विहिरीवर जाळी बसवून घेतली, पाच वर्षं राहून गेलेलं काम होतं. बाकीचं सांगायचं काम मी लेकीवर सोपवलं. संध्याकाळी ती दोघांना घेऊन सगळीकडे फिरली, मी मागून. "हा काजू, बी तोंडाला नाही. हा आंबा, देठ मोडल्यावर तोंड लांब. इथे पाटाच्या चिऱ्यांवर शेवाळ. ह्या दगडांच्या ढिगात हात नाही घालायचा, काठीनं आधी ठोकायचं. हे भिंडांचं, म्हणजे कोकमाचं झाड, हे खाऊ शकतेस, पण कपड्याला पुसू नकोस, आजी ओरडते." पाच वर्षांची भाची प्रत्येक झाडाला हात लावून तिच्यामागून म्हणत होती. काजूपाशी आल्यावर भाचा पुढे झाला आणि बहिणीला स्वतःच म्हणाला, "हे मी सांगतो."

आरोग्यसेविका_काणकोण

ताई, हे वाचून दिवस चांगला गेला. ओठावर फिकट डाग राहिला असेल तर उन्हात टोपी घालायला सांगा, हळूहळू रंग परत येतो. महिन्याभरात फरक पडला नाही तर पुण्यात त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

कुळागरातली

डाग आहे, कोपऱ्यात, तांदळाच्या दाण्याएवढा. सांगते नणंदेला.

आज पहाटे मुलं निघाली. बरोबर मानकुरादची पेटी, आमसुलं, आणि भाच्यानं स्वतः मागून घेतलेल्या पाच वाळलेल्या काजूबिया, वर्गात दाखवायला. घट्ट झाकणाच्या डब्यात घालून दिल्यात, आणि डब्यावर त्यानंच चिठ्ठी चिकटवली आहे: "चावू नये". नणंदेनं बाईंशी आधी बोलून घ्यायचं कबूल केलं आहे.

पुणे_गोवा_पुणे, तुमचं ऐकून सकाळी दूध दिलं नाही, आल्याची वडी दिली. आत्ता आजऱ्याहून फोन आला, घाट चढून गेले. भाची ओकली नाही.